वसतिगृहाची वर्षे आणि कोठीची वही

(एका जवाहर नवोदय विद्यालयातील बारावीच्या विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. – संपादक)



निरोपाच्या सभेत पाहुण्याने बोलावे की नाही, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पाहुण्यापाशी उपदेशावाचून दुसरे काही नसते आणि निघालेल्या माणसाला उपदेश ऐकण्याची सवड नसते. तथापि गेला दीड तास तुमच्यापैकी जे नऊ-दहा जण बोलले त्यांची भाषणे मी मनापासून ऐकली, आणि मास्तरकीची जुनी खोड म्हणून टिपणेही केली. तेव्हा जे बोलावयाचे ते तुमच्याच बोलण्यावर बोलावे, असे मी ठरविले आहे.

तुम्ही काय काय आठवलेत? सहावीत आल्यावर पहिल्या रात्री पांघरुणात तोंड घालून रडलात. आईने आठवडाभर पुरावेत म्हणून दिलेले लाडू त्याच रात्री साऱ्या खोलीने संपविले. अरावली आणि शिवालिक यांच्यातील कबड्डीचा सामना, पहाटेची घंटा, रविवारी फाटकापाशी वडिलांची वाट पाहणे, नववीत वर्षभर हिंदी मुलखातील विद्यालयात राहून आल्यानंतर सुधारलेली हिंदी आणि बिघडलेली मराठी. हे सारे खरे आहे. वसतिगृहात राहिलेल्या कोणत्याही पिढीला हे आपलेच वाटेल.

परंतु एका मुलीने एक वाक्य असे सांगितले की त्यापुढे माझे टिपण थांबले. ती म्हणाली, “घरी मी आईबरोबर सर्वांत शेवटी जेवायची. इथे पहिल्याच दिवशी रांगेत माझा नंबर होता तेव्हाच माझं ताट वाढलं गेलं.” तुम्ही टाळ्या वाजविल्यात आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले गेले. मी मात्र अजून त्या ताटापाशीच आहे. आमच्या देशात शिक्षणाची चर्चा होते ती पुस्तके, परीक्षा आणि गुण यांची. ज्यांनी या देशात बहुजन समाजाच्या शिक्षणाचा पाया घातला त्यांनी ती चर्चा ताटापासून सुरू केली होती, हे आपण विसरत चाललो आहोत.

छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पुढील काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. जातवार वसतिगृहे काढली म्हणून त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही काही विद्वान ती करतात. वस्तुतः सर्व जातींना खुले म्हणून निघालेल्या आधीच्या वसतिगृहात प्रत्यक्षात एकाच जातीचे विद्यार्थी उरले, हा अनुभव महाराजांच्या गाठीशी होता. दार सर्वांना उघडे आहे असे पाटीवर लिहिल्याने सर्वजण आत येत नाहीत. कुणबी शेतकऱ्याचा मुलगा शाळेत येत नव्हता, याचे कारण शाळा नव्हती हे नव्हे. शाळेच्या गावात त्याला रात्री पाठ टेकायला जागा नव्हती आणि दोन वेळचे अन्न नव्हते. राजवाड्यातून हे ज्याला दिसले त्या राजाच्या दृष्टीचे मला आजही नवल वाटते.

त्या जैन बोर्डिंगात शिकणारा भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास गेला, परत आल्यावर विटाळ फेडण्यासाठी स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. याच कर्मवीरांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले. १९२७ साली महात्मा गांधी तेथे येऊन गेले आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सारी मुले एका चुलीवर रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२० नंतरच्या दशकातील सातारा जिल्हा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ही केवढी उलथापालथ होती ते कळेल. सभेत समतेचा ठराव संमत करणे सोपे असते. कालवणाच्या एकाच पातेल्यात सर्वांचा डाव बुडणे कठीण असते.

आता अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून माझा नेहमीचा प्रश्न विचारतो. या पंगतीचा खर्च कोणी दिला? साताऱ्याच्या बोर्डिंगात दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. ही हकीगत आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता भाषणातील अलंकार झाली आहे. मी ती जमाखर्चाची नोंद म्हणून वाचतो. समाजाने जो खर्च उचलावयाचा तो समाजाने उचलला नाही, म्हणून एका स्त्रीने तो उचलला, असा त्या नोंदीचा अर्थ आहे. प्रत्येक ताटामागे कोणाच्या तरी नावे खर्ची पडलेली रक्कम असते. ती शासनाच्या नावे पडली नाही तर आईच्या नावे पडते, आणि तिच्यापाशीही नसेल तर मुलाच्या नावे पडते.

मुलाच्या नावे ती कशी पडते ते मला ठाऊक आहे, कारण ती नोंद मी स्वतःच्या हाताने केली आहे.

माझा जन्म १९५९ सालचा. वडील कोरडवाहू शेतकरी. पाचवीपासून मी जिल्ह्याच्या गावी एका लहानशा बोर्डिंगात राहिलो. त्याचे नाव सांगत नाही. ते आता राहिलेले नाही, आणि जे सांगणार आहे त्याचा दोष त्याच्या माथी मारावा असेही मला वाटत नाही. आम्ही पन्नास मुले होतो. प्रत्येकाने दरमहा घरून चार पायल्या जोंधळे आणावयाचे आणि वरखर्चास थोडे रोख द्यावयाचे, असा नियम होता. भाकऱ्या भाजावयास एक बाई होत्या, बाकीची कामे आम्ही पाळीपाळीने करीत असू. माझे अक्षर बरे होते, म्हणून आठवीत असताना कोठीची वही माझ्याकडे आली. कोणाचे धान्य किती आले आणि किती येणे आहे, हे त्या वहीत लिहावयाचे. या अधिकाराचा मला मोठा अभिमान वाटे, हेही सांगून टाकतो.

१९७२ साल उजाडले. आधीची वर्षेही ओढीचीच गेली होती. त्या वर्षी पावसाने पाठच फिरविली. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळू लागला. त्याची भाकरी थापताना फाटे आणि घशाखाली उतरत नसे. गावोगाव दुष्काळी कामे निघाली, माणसे खडी फोडू लागली, मुलांना सुकडी मिळू लागली. आमच्या कोठीत येणारी पोती हळूहळू हडकली. दिवाळीनंतर रेक्टरांनी मला बोलावून सांगितले, “ज्यांचं दोन महिन्यांचं धान्य आलेलं नाही, त्यांची यादी कर.” रेक्टर दुष्ट नव्हते. ते आमच्याच पंगतीत बसत आणि आमचीच भाकरी खात. पन्नास मुलांची कोठी कशी चालवावी या चिंतेने त्यांना झोप येत नसे.

मी यादी केली. सात नावे निघाली. पाचवे नाव माझ्या शेजारी वळकटी टाकणाऱ्या मित्राचे होते. ते मी इतर सहा नावांसारखेच चांगल्या अक्षरात लिहिले आणि यादीखाली पट्टीने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सातही मुलांना घरी जाऊन धान्य घेऊन येण्यास सांगण्यात आले. धान्य नव्हते म्हणूनच ते आणले नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. मित्राने वळकटी खांद्यावर टाकली आणि तो पायीच गावाकडे निघाला, एस. टी. च्या भाड्याला पैसे नव्हते. सातांपैकी एकजण पुढे परत आला. माझा मित्र आला नाही. तो वडिलांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होता, असे नंतर कळले.

पुढे अनेक वर्षांनी, वर्गात सरासरी आणि सीमान्त यांतील भेद शिकवीत असताना, मी मनाशी एक हिशेब केला. पन्नास मुलांना दोनशे पायल्या लागत. सात मुलांचे मिळून अठ्ठावीस पायल्या येणे होते. म्हणजे एकूण गरजेच्या शेकडा चौदा. प्रत्येकाने सात भाकऱ्यांमागे एक भाकरी सोडली असती तर पन्नासही मुले पंगतीत राहिली असती. हिशेब इतका सोपा होता. तेरा वर्षांच्या ज्या मुलाला येणे बाकी काढता येत होती, त्याला हाही भागाकार करता आला असता. तो करावयास मला कोणी सांगितले नाही, आणि मलाही सुचले नाही. अर्धपोटी मुलांना आणखी अर्धपोटी राहा असे पोट भरलेल्या म्हाताऱ्याने आज सांगणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. कदाचित आम्ही नकारच दिला असता. पण प्रश्न विचारलाच गेला नाही. वहीत रकाना होता तो येणे बाकीचा; पंगत कशी टिकवावी याचा रकाना नव्हता.

१९९६ साली एका तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर तो मित्र मला भेटला. त्यानेच मला ओळखले. ज्याच्याशी मी अरे-तुरे करीत एका घोंगडीत झोपलो होतो, तो मला ‘तुम्ही’ आणि ‘सर’ म्हणू लागला. चहा घेताना तो म्हणाला, “बोर्डिंगातलं दिस लई ग्वाड हुतं, सर.” यादीची त्याला आठवण नव्हती, किंवा असली तरी त्याने ती काढली नाही. मीही काढली नाही.

मित्रहो, हे सांगण्याचे कारण तुमच्या स्मरणरंजनावर पाणी ओतावे असे नाही. परंतु मागे वळून पाहणाऱ्या कोणत्याही वर्गाची एक अडचण असते. शेवटपर्यंत जे टिकतात तेच मागे वळून पाहतात आणि त्यांच्याच आठवणींचा इतिहास होतो. संख्याशास्त्रात याला नमुन्यातील दोष म्हणतात. व्यवहारात त्याला आपण माजी विद्यार्थी मेळावा म्हणतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, कारण ती ताटाशीच निगडित आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने आदिवासी विद्यार्थ्यांच्या शासकीय वसतिगृहांतील भोजनाऐवजी त्याची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याची पद्धत आणली. त्याविरुद्ध त्या वर्षीच्या जुलैमध्ये विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्या वेळी माझ्या काही अर्थशास्त्रज्ञ मित्रांना याचे आश्चर्य वाटले. वस्तूपेक्षा रोख रक्कम श्रेष्ठ, कारण तिच्यात निवडीचे स्वातंत्र्य आहे, हे आम्ही वर्गात एका तासात सिद्ध करून मोकळे होतो. फळ्यावर ते सिद्धही होते. पण शहरात नवख्या आलेल्या मुलाच्या हाती पैसे येतात, तेही अनेकदा उशिरा; घरी आई आजारी असेल तर त्यांतलेच तिकडे जातात; आणि उरलेल्या पैशांत तो वडापावावर दिवस काढतो. शिवाय पंगत ही एकेकट्याने विकत घेण्याची वस्तूच नाही. पन्नास जणांना पन्नास ठिकाणी जेवणाचे पैसे दिले म्हणून पंगत होत नाही. कोणी आज जेवले नाही हे पंगतीत ध्यानात येते; खात्यात आलेल्या रकमेवरून ते कोणालाच समजत नाही. ती मुले रस्त्यावर उतरली ती हेच सांगण्यासाठी, असे मी मानतो. आणि आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांचे अर्थशास्त्र अधिक पक्के होते.

आता थोडे तुमच्या या विद्यालयाविषयी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदय विद्यालयांचा समावेश झाला. त्याच्या आदल्या शैक्षणिक वर्षी हरियाणातील झज्जर आणि आपल्याकडील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये सुरू झाली होती. मी तेव्हा तरुण अधिव्याख्याता होतो आणि या कल्पनेला मी विरोध केला होता, हे येथे लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी समान शाळापद्धतीची शिफारस केली होती. ती बाजूस सारून जिल्ह्यातील वर्षाला ऐंशी मुले निवडावयाची, त्यांना उत्तम ते सर्व द्यावयाचे आणि बाकीची गळक्या छपराखाली ठेवावयाची, हा न्याय नव्हे, असे आम्ही समाजवादी म्हणत होतो. तो आक्षेप मी मागे घेतलेला नाही. तथापि आज त्या मुलीचे वाक्य ऐकल्यावर एक दुरुस्ती करतो. ऐंशींना ताट मिळाले हे चुकले नाही. ऐंशीवर थांबलो हे चुकले. पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना, हा नियम नसता तर ती मुलगी आज येथे उभी नसती, हेही मला मान्य केले पाहिजे.

पण अशा संस्था हातातून कशा निसटतात ते पाहून ठेवा. इंग्लंडमध्ये सहाव्या हेन्रीने १४४० साली ईटन येथे शाळा काढली ती सत्तर गरीब मुलांसाठी. आज तेथे तेराशेहून अधिक मुले शिकतात, वर्षाचे शुल्क पन्नास हजार पौंडांच्या वर आहे, आणि त्या देशाचे वीस पंतप्रधान त्या एका शाळेतून आले. सत्तर शिष्यवृत्त्या अजूनही आहेत. गरिबांना बाहेर काढा असा ठराव तेथे कोणी एका दिवशी केला असेल असे मला वाटत नाही. माझ्यासारख्या चांगल्या अक्षराच्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या याद्या केल्या असतील, एवढेच. तिकडे अशा शाळेला ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. भाषेचीही एक विनोदबुद्धी असते. आपल्याकडे नवोदयच्या प्रवेशपरीक्षेचे शिकवणीवर्ग आज तालुक्याच्या गावी सर्रास चालतात. पाचवीतील मुलाच्या शिकवणीसाठी ज्याला पैसे मोजता येतात त्याचा मुलगा यादीत वर सरकतो, आणि ऊसतोडणीला गेलेल्याचा मुलगा अर्ज भरण्याच्या वेळी गावातच नसतो. नियम तोच राहतो, फक्त यादीतील नावे बदलत जातात.

शेवटी एक विनंती आहे आणि ती तुमच्या हातून होण्याजोगी आहे. सहावीत तुमच्या वर्गात ऐंशी जागा होत्या. आज समोर त्याहून कमी जण बसले आहेत, आणि तुमच्यापैकी काहीजण तर नववीत आणि अकरावीत नव्याने आलेले आहेत. मग मूळच्यांपैकी जे गेले ते कोठे गेले? काही दुसऱ्या महाविद्यालयात गेले असतील, त्यांची चिंता नको. पण एखाद्याला घरच्या कामासाठी नेले असेल, एखादीचे लग्न ठरले असेल, एखादा रडून रडून परत गेला असेल आणि आपण त्याला ‘घरकोंबडा’ म्हणून हसलो असू. आज कोणाच्याही भाषणात त्यांच्यापैकी एकाचेही नाव आले नाही. मी टिपणे तपासून सांगतो आहे.

सहावीचा हजेरीपट कार्यालयात असेल. प्राचार्य महोदयांनी परवानगी दिली तर उद्या सामान बांधण्यापूर्वी तुमच्यातील चौघांनी बसून तो उतरवून काढावा. प्रत्येक गावचा कोणी ना कोणी तुमच्यात आहे. सुटीत त्या त्या घरी जाऊन यावे. काय म्हणावयाचे ते मी सांगत नाही, मला ते त्या एस. टी. स्थानकावर सुचले नव्हते. दोन वर्षांनी तुमचा मेळावा होईल तेव्हा त्यांनाही बोलवा, आणि ती बैठक भोजनगृहातच घ्या.

दाराशी उभ्या असलेल्या मावशी मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. आज तुमच्यासाठी त्यांनी काही गोड केले आहे, असे मला आत येतानाच कळले. ते निवावयास नको. मी थांबतो.